आत्याने सांगितलेले सिनेमे

माझ्या आत्याचं सगळं आयुष्य पडद्यांत गेलं. दिवसभर ती पडदे शिवायची आणि सुट्टीच्या दुपारी पडद्यासमोर जाऊन बसायची. हा विनोद तिचाच. नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत तो सांगून टाकायची आणि समोरचा हसला नाही तर त्याला समजावूनही सांगायची.

ती काम करायची तो कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची लांबच लांब खोली. मधोमध कापणीचं मोठं टेबल, भिंतीला लागून शिलाई मशिनं, आणि छताखालच्या पाइपांना टांगलेले तयार पडदे. शिवून झालेला पडदा लगेच घडी घालून पाठवायचा नाही, एक दिवस लटकत ठेवायचा, म्हणजे कापडाला आपला झोल सापडतो, असं तिचं म्हणणं. दुपारी ऊन त्या पडद्यांतून आत यायचं. कुणाचा चेहरा पिवळा, कुणाचे हात समुद्री हिरवे, मशिनवर वाकलेली एखादी बाई गुडघ्यापर्यंत जांभळी. लहानपणी मी तिचा डबा घेऊन तिथे गेले की दारातच थांबायचे. पाण्याखालच्या गावात शिरल्यासारखं वाटायचं.

आत्याला वेड सुपरहिरोंचं. कॉमिक्स आणि सिनेमे, दोन्हींचं. ते वेड लागलं ते गोवरात. ती आणि माझे बाबा लहान असताना दोघांना एकदमच गोवर आला, आणि डोळ्यांना उजेड नको म्हणून त्यांना एका अंधाऱ्या खोलीत निजवलं. शेजारच्या कुणीतरी कॉमिक्सचा गठ्ठा आणून दिला. बाबांना तेव्हा वाचता येत नव्हतं. आत्या खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत पान धरायची आणि सांगायची, आता तो उडाला, आता तो छपरावर उतरला. गोवर गेला, पण सांगणं राहिलं. पुढे बाबांना वाचता यायला लागलं, मिसरूड फुटलं, ते शहरबसचे ड्रायव्हर झाले, त्यांचं लग्न झालं, मी झाले. आत्या आमच्याच घरी राहायची आणि नवा अंक आला की बाबांच्या ताटाशेजारी बसून त्यांना तो सांगायची. आई म्हणायची, "अहो, त्यांना डोळे आहेत की!" त्यावर दोघंही आईकडे असं बघायची की जणू तिनं भलतंच काही म्हटलं.

आणि मतं! आत्याकडे मतं कापडाच्या तुकड्यांसारखी होती. कुठल्याही पिशवीत हात घाला, एखादं निघणारच. सुपरहिरोंच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या त्या लांब कापडाला ती सरळ झूल म्हणायची. "ह्या चित्रकारानं जन्मात कधी कापड हातात घेतलं नाही," ती म्हणायची. "खालच्या दुमडीत वजनाची साखळी घातल्याशिवाय झूल अशी पडेल का? वाऱ्यावर ती ह्याच्याच तोंडावर येईल आणि हा जाऊन धडकेल खांबाला." नव्या कॉमिक्समध्ये पानं फार गच्च भरतात, अशी तिची तक्रार होती. "आभाळ रिकामं ठेवायला छाती लागते. ह्यांना भीती वाटते, रिकामं दिसलं तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल." नव्या सिनेमांत दर वेळी शहर पडतं, त्याचाही तिला संताप. "एवढ्या खिडक्या फुटल्या. आता त्या सगळ्यांचे पडदे कोण शिवणार? तो उडून गेला मोकळा." आणि मेलेला नायक दोन अंकांनी दाढी वाढवून परत आला की ती तो अंक पालथा घालून ठेवायची. "मी एक संध्याकाळ जेवले नव्हते ह्याच्यासाठी. लाज नाही मेल्याला!"

बाबा हे सगळं हसत ऐकायचे. त्यांची स्वतःची मतं काय होती, ते आम्हाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मग बाबांना काचबिंदू झाला. तो हळूहळू आला, चोरपावलांनी, आणि कळला तेव्हा उशीर झालेला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं. एकदा जेवताना ते म्हणाले, "ताई, कुणीतरी दोन्ही बाजूंनी पडदे ओढतंय बघ." आत्या उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. घासलेलीच.

बस सुटली. नंतर वर्तमानपत्र सुटलं. शेवटी मधला उजेडाचा ठिपकाही गेला आणि बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. खालून बस गेली की आवाजावरून सांगायचे, ह्या गाडीचा क्लच गेलाय, हा पोरगा ब्रेक फार दाबतो. बाकी गप्प. गप्प राहायची त्यांना सवय होतीच, पण हे गप्प वेगळं होतं. त्या खोलीत गेलं की आपलाही आवाज खाली यायचा.

त्याच सुमारास 'निळा पारवा' नव्यानं आला. पारवा म्हणजे त्या गोवरातल्या गठ्ठ्यातला नायक. दिवसा उंच इमारतींच्या काचा पुसतो, तिन्हीसांजेला उडतो. आता त्याचा मोठा सिनेमा निघाला होता. आत्या कामावरून आली, चपला काढायच्या आधीच म्हणाली, "उद्या दुपारचा खेळ. तिघांनी जायचंय. तू, मी आणि ही पोरगी."

"मी येऊन काय करू?" बाबा म्हणाले.

"गोवरात काय केलं होतंस? तेच कर. पडून राहा, मी सांगते."

दुपारच्या खेळाला थिएटर जवळजवळ रिकामं होतं. थंड, मऊ अंधार, जुन्या गाद्यांचा वास. आम्ही मागच्या रांगेत बसलो, बाबा मध्ये. दिवे गेले आणि आत्या त्यांच्या कानाशी झुकली.

"आभाळ आहे. नुसतं आभाळ. संध्याकाळचं, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं. खाली डाव्या कोपऱ्यात एक ठिपका. ठिपका मोठा होतोय. हां, तोच. झूल नवी आहे, पण भडक निळी नाही रे. धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखी. छान पडलीये. ह्या वेळी कुणीतरी शिंप्याला विचारलेलं दिसतंय."

मी पडदा सोडून बाबांकडे बघत होते. त्यांचे डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर तो निखाऱ्याचा उजेड हलत होता. किती दिवसांनी त्यांची मान अशी किंचित वर झालेली मी पाहत होते.

आमच्या पुढच्या रांगेत एकच बाई बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या मागे वळल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं सांगता का? माझा चष्मा घरी राहिलाय."

सिनेमाच्या मध्यावर तो पूल आला. लांब, झुलता पूल, खाली नदी, आणि पुलावरून चाललेली एक बस. खलनायकानं पूल मधोमध तोडला. बस वाकली, सरकली आणि पाण्यात गेली. पारवा पोचलाच नाही. बस नदीच्या तळाशी जाऊन टेकली तरी तिचे दिवे लागलेलेच होते. हिरव्या पाण्यात पिवळ्या खिडक्यांची एक रांग.

आत्या थांबली. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाली, "बस पलीकडे गेली. ड्रायव्हरनं वेळेवर वेग वाढवला. साधाच माणूस आहे, पण हात पक्का. मागे पूल पडला, पण बस गेली."

बाबा हसले. "वेगच वाढवायचा असतो," ते म्हणाले. "ब्रेक मारला तर संपलं."

मी आत्याकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती.

तिथून त्यांचं सुट्टीच्या दुपारी जाणं सुरू झालं. मी बहुतेक वेळा सोबत असायचे. आणि दर वेळी आत्या सिनेमा थोडा थोडा उसवून पुन्हा शिवायची. आधी फक्त मरणं गाळली. मग पडणारी शहरं गाळली. मग तिचा हातच बसला. 'काचमाणूस' नावाच्या एका सिनेमात शेवटी अर्धा तास नुसती मारामारी होती. आत्यानं त्या दोघांना एका कठड्यावर बसवलं आणि बोलायला लावलं. काचमाणूस म्हणत होता, मला कुणी हात लावत नाही, तडा जाईल म्हणून घाबरतात. खलनायक म्हणत होता, मला तर कुणी बोलावतच नाही. इतकं सुंदर बोलत होते दोघं की पडद्यावर ते एकमेकांना इमारतींवर आपटत होते हे मी विसरूनच गेले.

"हे काय वाजतंय मग?" बाबांनी विचारलं.

"गडगडतंय. वीज."

"बरंच गडगडतंय."

"अरे, भरून आलंय ना!"

घरी येताना बाबा सगळं पुन्हा घोळवायचे. रात्री झोपेत त्यांना ते दिसायचं म्हणे. सकाळी सांगायचे, कठडा होता, खाली दिव्यांची माळ होती, काचमाणसाच्या छातीतून पलीकडचा चंद्र दिसत होता. चंद्र आत्यानंही सांगितला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा. खोटं बोलतोय आपण, हे मला कळत होतं. पण बाबा पुन्हा बोलायला लागले होते. हसतं घर कोण मोडेल? मी तोंड मिटून बसले.

मोडलं ते बाबांच्या जुन्या कंडक्टरनं, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. कंडक्टरकाका एका दुपारी बाबांना भेटायला आले. चहा झाला, डेपोतल्या उखाळ्यापाखाळ्या झाल्या. मग काका म्हणाले, "परवा नातवांनी घरी तो पारवा लावला होता. मी अर्ध्यातून उठलो बघ. ती बस पाण्यात जाते ना, ते काही मला बघवेना. आपल्या गाडीतली माणसं आठवली."

बाबांनी कप खाली ठेवला. "बस पलीकडे जाते," ते म्हणाले.

"छे रे! बुडते. अख्खीच्या अख्खी. दिवे चालू असतात खाली."

आत्या मोरीशी उभी होती. तिचा हात जिथल्या तिथे थांबला. कंडक्टरकाकांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "काचमाणूसही?"

आत्यानं हात पुसले.

"वीज गडगडत नव्हती तर. अर्धा तास कुठे वीज गडगडते का, असं माझ्या मनात आलं होतं. मी म्हटलं, असेल."

"सिनेमा भिकार होता," आत्या म्हणाली. "मी तो बरा केला. कुणाचं काय बिघडलं त्यानं?"

"माझं बिघडलं." बाबांचा आवाज चढला नाही, पण हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले. "ताई, भिकार तर भिकार. मला भिकार सिनेमा बघायचाय. भिकार म्हणायचा हक्क तरी माझा मला ठेव. डोळे गेले ते गेले, आता मतंही तूच वापरणार?"

आत्या आत निघून गेली.

पुढचे काही दिवस घरात सुई पडली तरी ऐकू आली असती. सुट्टीच्या दुपारी आत्या एकटीच जाऊन एक नवा सिनेमा बघून आली. आईनं विचारलं, "कसा होता?" आत्या म्हणाली, "होता." बस, एवढंच. खिडकीशी बसलेल्या बाबांची मान वळली. आत्याला एखाद्या सिनेमाबद्दल मत नसावं, म्हणजे सूर्य मावळायला विसरला म्हणायचा.

मग बाबांनी मला सोबत घेतलं. मी माझ्या परीनं सांगितलं. "आता तो उडतोय. आता उतरला. आता दुसरा आला."

"किती उंच उडतोय?"

"बराच."

"उजेड कसला आहे?"

"साधाच."

बाबा माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "राहू दे हं, बाळा. आपण नुसतं ऐकू." मध्यंतरातच आम्ही उठलो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला तुझ्या आत्याच्या कारखान्यात घेऊन चल."

जिना चढताना त्यांनी माझा खांदा धरला होता. त्या दिवशी कुठल्याशा मोठ्या हॉटेलचं काम होतं. छताखालच्या पाइपांना पांढऱ्या जाळीच्या कापडाचे पडदेच पडदे टांगले होते आणि पंख्याच्या वाऱ्यावर ते फुगत होते, मिटत होते. त्यांतून वाट काढत आम्ही गेलो. कापड बाबांच्या तोंडावरून, हातांवरून घसरत होतं आणि ते सावकाश चालत होते, जणू ढगांतून चाललेत. मशिनं एकेक करून थांबली.

आत्या टेबलाशी चुण्या टाचत होती. टाचण्या तिच्या ओठांत होत्या, म्हणून तिच्या तोंडून नुसतं 'हं?' निघालं. बाबांनी ते आवाजावरून ओळखलं असावं, कारण संधी साधून ते लगेच बोलले.

"मी सांगतो, तू ऐक. दिसतंय ते सांगायचं. बस बुडली तर बुडली म्हणायचं. थिएटरात सरळ सिनेमा, बाहेर आल्यावर मतं. कबूल?"

आत्यानं एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "आणि सिनेमा रद्दी असला तर?"

"तर बाहेर ये आणि त्याची सालं काढ. मी पण काढीन."

"तू?" आत्या म्हणाली. "तुला कुठे मतं आहेत?"

"तू कधी जागा ठेवलीस?"

मशिनवरच्या बायका हसल्या. आत्याही हसली, पण तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला तिनं हातातल्या पडद्यानंच तोंड पुसलं. पांढऱ्या कापडावर डाग पडला म्हणून मुकादमीण तिला ओरडली. आत्याला कुणीतरी ओरडतंय, हे बाबांना फार आवडलं.

त्यानंतर लवकरच पारव्याचा शेवटचा सिनेमा आला. पारवा म्हातारा झालेला. काचा पुसायची दोरी हातात थरथरते, उडताना मध्येच धाप लागते आणि तो पाण्याच्या टाक्यांवर बसून विसावा घेतो. आत्याला हे फार पटलं होतं, मला कळत होतं, कारण ती मत गिळताना तिच्या घशात एक बारीक आवाज व्हायचा. पण तिनं शब्द पाळला. दिसेल ते सांगत गेली.

शेवटी तो मरतो. मारामारीत नाही. एका छपरावर, सकाळी, आपल्याच झुलीवर डोकं टेकून. आत्याचा आवाज इतका खाली आला की मला तो ऐकण्यासाठी झुकावं लागलं.

"छप्पर आहे. कबुतरं आलीत. एक त्याच्या बुटावर बसलंय. तो हलत नाहीये. वारा आहे, झुलीचं टोक उडतंय. तो हलत नाहीये रे. आता लांबून दाखवतात. छप्पर लहान होत चाललंय. शहर. आणि वर आभाळ." ती थांबली. "संपलं. मेला तो. मी काही गाळलं नाही."

बाबांनी तिचा हात धरून ठेवला होता. नावांची पाटी संपून दिवे लागेपर्यंत कुणी उठलं नाही.

बाहेर ऊन तिरपं झालं होतं. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं निवांत बसली होती. थोडं चालल्यावर बाबा म्हणाले, "छान होता."

"छान?" आत्या भर रस्त्यात थांबली. "आधीचं सगळं छान होतं, पण शेवट? त्याला असा निजवून टाकायचा? आणि बघ तू, दोन वर्षांत दाढी वाढवून परत आणतील."

"आणू देत. माझ्यापुरता तो गेला. थकलेल्या माणसाला सुखानं जाऊ द्यावं. तुला ते कळलंच नाही, ताई."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणालं होतं की तुला पारवा कळलाच नाही. ती आ वासून बघत राहिली. मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, बाबांचा दंड पकडला आणि तावातावानं सुरू झाली. बाबाही मागे हटेनात. रस्ता ओलांडायचा राहिला, दोन वळणं पुढे गेलो तरी कुणाला भान नाही. मी मागून चालत होते. दोघांच्या सावल्या इतक्या लांब झाल्या होत्या की त्यांची डोकी समोरच्या भिंतीवर चढली होती आणि तिथेही भांडत होती.

आता आमच्या घरात दोन समीक्षक आहेत आणि त्यांचं एकाही सिनेमावर जमत नाही. आई म्हणते, एक होता तेव्हा निदान जेवण गरम मिळायचं. समुद्राच्या लाटा हलवणाऱ्या 'भरती' नावाच्या नायिकेचा नवा अंक निघालाय, त्यात तिचे केस पांढरे आहेत आणि गुडघे दुखतात. आत्याच्या मते इतक्या वर्षांत एवढं शहाणं कॉमिक निघालं नाही. बाबांच्या मते ती कुरकुर फार करते. परवा संध्याकाळी आत्या त्यांना शेवटचं पान सांगत होती. किनारा, पाण्यात उभी असलेली भरती, आणि वर अर्धं पान मोकळं.

"ते आभाळ हिरवट आहे, ते मला आवडलं," बाबा म्हणाले.

"मी हिरवट कुठे म्हटलं? पांढरं आहे. कागद आहे तसाच ठेवलाय."

"मला हिरवट दिसलं."

आत्यानं पान खिडकीकडे धरलं, डोळे बारीक करून पाहिलं. खालून एक बस गेली. बाबांनी तिच्याबद्दल काहीच म्हटलं नाही.

"हिरवट," ती जरा वेळानं म्हणाली. "नाही पटत मला. पण बोल, का आवडलं?"